शिवराईचा रंग: मुरलेला की फासलेला?

जुन्या बाजारात शिवराई हे तांब्याचे नाणे हाती आले की गिऱ्हाईक ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे शोधते. जाणकार आधी रंग पाहतो.

तांबे हवेत राहिले की त्यावर ऑक्साइडचा लालसर तपकिरी थर धरतो. त्याला ओल आणि कार्बन डायऑक्साइड मिळाला की वर हिरवे कार्बोनेट जमते; मातीत पुरलेल्या नाण्यावर तर हमखास. म्हणून मुरलेल्या हिरव्याखाली बहुधा तपकिरी थर सापडतो. आम्ल किंवा अमोनिया वापरून घाईने आणलेला हिरवा रंग मात्र अनेकदा थेट लखलखीत धातूवर बसलेला असतो आणि खरवडला की सहज निघतो. नुसता रंगच फासला असेल, तर ॲसिटोनचा बोळा बहुधा हिरवा होऊन चोरी उघड करतो.

भिंगातून झीजही पाहावी. हातोहात फिरलेल्या नाण्याची उंच अक्षरे उजळ, खोलगट जागा काळपट. सगळीकडे एकसारखी छटा दिसली, तर संशयाला जागा आहे.

फिकट हिरवी भुकटी हे वेगळेच प्रकरण. ती सुटी असली तरी बनावट असेलच असे नाही. क्लोराइडमुळे धातू आतून पोखरला जात असतो. असे नाणे कोरडेच ठेवावे.

आणि चिंच? देवघरातला तांब्या उजळवणारी चिंच नाण्यावरचा सगळा पुरावाच धुऊन नेते.