उन्हाळी सुट्टीतले तीन सिनेमे

मुलांनो, मी काही मोठी समीक्षक नाही बरं का! सुट्टी लागली की सिनेमे बघायचे आणि घरी येऊन त्यावर बोलायचं, एवढंच. २०२५च्या उन्हाळ्यातले तीन मराठी सिनेमे मला कसे वाटले, ते सांगते.

१ मे रोजी आलेला सचिन गोस्वामींचा ‘गुलकंद’ हसवतो खरा, पण विनोद सगळा दोन जोडप्यांच्या संसाराचा. तुमच्यापेक्षा आईबाबाच जास्त हसतील.

२३ मेचा, रोहन मापुसकर यांचा ‘एप्रिल मे ९९’ मात्र तुमचाच! १९९९ची सुट्टी, कोकणातले मित्र आणि नुसती भटकंती. आपल्या धाराशिवला समुद्र कुठला? इथे सुट्टीत पाण्याचे हंडे भरावे लागतात. पण जिवाभावाचे मित्र सगळीकडे सारखेच की!

मनात घर केलं ते १ मेच्याच ‘आता थांबायचं नाय!’ने. शिवराज वायचळ यांनी खरी घडलेली गोष्ट मांडलीय. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार दिवसभर राबून रात्रशाळेत जातात, दहावीला बसतात. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव यांची कामं झकास! पास होतात का? ते नाही सांगणार!

ऊसतोडीपायी, गरिबीपायी शाळा सुटलेली माणसं आपल्याही घरात असतात. १७ नंबरचा अर्ज भरून त्यांना दहावीला बाहेरून बसता येतं. सिनेमा बघून झाला की आईला, काकाला, थोरल्या ताईला विचारा, “पुन्हा शिकायचंय का?” हो म्हणाले, तर रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांचे मास्तर तुम्ही!