नोकरी बदलताना फंडाचे काय करावे?



आपल्यापैकी पुष्कळांची मुले साखर कारखान्यात हंगामी किंवा कायम कामाला आहेत. त्यांतल्या एखाद्याला पुढे सरकारी खात्यात नोकरी लागते. घरात आनंद होतो आणि लगेच प्रश्न निघतो, "आधीच्या फंडाचं काय करायचं? काढून बोअर मारायचा, का नव्या पेन्शनीत भरायचा?" निर्णय घाईने होतो आणि नुकसान वीस वर्षांनी कळते. म्हणून ही माहिती देत आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे, जमा पैसा एका खात्यात नसतो, दोन ठिकाणी असतो. कामगाराचे १२ टक्के प्रॉव्हिडंट फंडात जातात. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ३.६७ टक्के फंडात, तर ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मध्ये जातात. पेन्शनचा हा हिस्सा १५,००० रुपये पगारापर्यंतच धरतात.

१ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले राज्य सरकारी कर्मचारी राष्ट्रीय पेन्शन योजनेत येतात. मार्च २०१७ पासून जुना फंड या योजनेत वळवता येतो. अर्ज नव्या कार्यालयामार्फत करावा लागतो आणि वळवलेल्या रकमेवर प्राप्तिकर लागत नाही. मात्र फंडाचे व्याज दरवर्षी जाहीर होते, २०२४-२५ साली ते ८.२५ टक्के होते. नव्या योजनेत रक्कम बाजाराप्रमाणे कमी-जास्त होते आणि शेवटी किमान ४० टक्के रकमेची पेन्शनच घ्यावी लागते. राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये हमी पेन्शनच्या योजनेला मंजुरी दिली आहे. तो पर्याय घेणाऱ्याने बाहेरून आणलेली रक्कम कशी धरणार, हे आस्थापना शाखेकडून लेखी घ्यावे, मगच पैसे वळवावेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पेन्शन योजनेचा हिस्सा नव्या योजनेत वळत नाही. तिथे नोकरीची वर्षे मोजली जातात. १० वर्षे भरली, तर ५८ व्या वर्षापासून वेगळी पेन्शन मिळते, पश्चात पत्नीलाही मिळते. हिशेब सोपा आहे. पेन्शनयोग्य पगाराला वर्षांनी गुणावे व ७० ने भागावे. १५,००० पगार व १२ वर्षे, म्हणजे महिना सुमारे २,५७१ रुपये. १० वर्षांच्या आत सोडल्यास एकरकमी पैसे मिळतात, पण पेन्शन मिळत नाही.

इथे हंगामी कामगारांचा गैरसमज होतो. "सहा महिनेच काम, म्हणजे अर्धं वर्ष," असे ते धरतात. तसे नाही. योजनेच्या नियमाप्रमाणे हंगामी कामगाराचा वर्षातला हंगाम पूर्ण वर्ष धरला जातो. समजा एखाद्याचे नऊ हंगाम झाले आहेत आणि दहावा गळीत हंगाम तोंडावर आहे. राजीनामा देण्याआधी त्याने हा हिशेब जरूर करावा. आणि १० वर्षे भरलेल्याने पेन्शन प्रमाणपत्र मागून घ्यावे, कागद जपून ठेवावा.

फंड पाच वर्षांच्या आत काढल्यास कर लागू शकतो, हेही ध्यानात असावे.

काट्यावरची पावती पाहिल्याशिवाय आपण ट्रॅक्टर पुढे नेत नाही. तसेच पासबुक व सेवेच्या वर्षांची नोंद पाहिल्याशिवाय सही करू नये. नोंदीत हंगाम कमी दिसत असेल, तर कारखान्याच्या टाईम ऑफिसात व सोलापूरच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात नोकरी सोडण्याआधीच दुरुस्ती करून घ्यावी, ही विनंती.