आभासी वास्तव हेडसेट : ब्राउझरद्वारे शोध

संगणकास किंवा मोबाइलास आभासी वास्तवाचा हेडसेट जोडलेला आहे की नाही, हे ब्राउझरमध्ये उघडलेल्या वेबपृष्ठाने ओळखण्याची क्रिया. समजा, सोनारी (ता. परांडा, जि. धाराशिव) येथील काळभैरवनाथ मंदिराचे त्रिमितीय दृश्य एखाद्या वेबपृष्ठावर ठेवावयाचे आहे. हेडसेट असणाऱ्यास मंदिरात ‘प्रवेश’ करण्याचे बटण हवे; इतरांना, म्हणजे बहुसंख्य वाचकांना, तेच दृश्य सपाट पडद्यावर बोटाने फिरवून पाहता आले पाहिजे. यांपैकी काय दाखवावे, एवढ्यापुरतीच या शोधाची गरज असते.

वेबपृष्ठास उपकरणाशी थेट संपर्क साधता येत नाही. ते ब्राउझरला विचारते आणि ब्राउझर उपकरण चालविणाऱ्या आज्ञावलीकडून उत्तर मिळवितो. मोझिला संस्थेतील व्लादिमिर वुकिचेविच यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या ‘वेबव्हीआर’ या पद्धतीत जोडलेल्या उपकरणांची यादीच पृष्ठाच्या हाती येई. तीत उपकरणाचे नाव, त्याच्या क्षमता आणि काही वेळा वापरणाऱ्याच्या खोलीतील मोकळ्या जागेची लांबीरुंदीही असे. हेडसेट बाळगणारे थोडेच. त्यामुळे असा तपशील इतर माहितीशी जोडून एखादी व्यक्ती नाव न विचारताही ओळखता येण्याचा धोका होता. पद्धतीचा हा दोष गंभीरच म्हटला पाहिजे.

तिच्या जागी आलेल्या ‘वेबएक्सआर’ पद्धतीचा पहिला कार्यमसुदा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने २०१९ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्रोम ७९ मध्ये ती उपलब्ध झाली. हीत पृष्ठाने विचारावयाचे ते एवढेच, की अमुक प्रकारचे सत्र चालेल काय. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’. यादी मिळत नाही. पृष्ठ सुरक्षित जोडणीवरून आलेले असावे लागते, आणि प्रत्यक्ष सत्र वापरणाऱ्याने बटण दाबल्यासारखी कृती केल्यावरच सुरू होते. हेडसेट मागाहून जोडला वा काढला, तर बदलाची सूचना पृष्ठास मिळते व ते पुन्हा विचारू शकते.

तथापि ‘होय’ म्हणजे हेडसेट त्या क्षणी सज्ज आहे, असे नव्हे. सत्राची विनंती नंतरही फेटाळली जाऊ शकते. शिवाय काही ब्राउझरांत ही सोयच नसते. म्हणून ती आहे काय, हे प्रथम तपासून, नसल्यास सपाट दृश्यच दाखवावे लागते.