गंज काढायचा, पण कुठपर्यंत?

जुन्या हत्यारांचा नाद मला कॉलेजच्या दिवसांत लागला, तो पुढे सुटला नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जमिनीवर जे लोखंड मांडलेलं असतं, त्यात शेफिल्डच्या पटाश्या असतात, ओतीव लोखंडाचे रंधे असतात, गावच्या लोहाराने घडवलेले वाकस आणि कोयते असतात. अलीकडे त्यातला बराच माल चकचकीत होऊन येतो. विकणारा ग्राइंडरला तारेचं चाक लावून तो आधीच घासून आणतो, कारण चकाकणाऱ्या वस्तूकडे गिऱ्हाइकाचा हात चटकन जातो. अशा पटाशीवर बोट फिरवलं की कडा गोलावलेल्या लागतात, पात्याची सपाटी गेलेली असते आणि कारखान्याचा शिक्का असायचा तिथे उथळ खळगा उरलेला असतो. गंज गेला, आणि त्याच्याबरोबर हत्यारही थोडं गेलं. या नासाडीची मला मनापासून चीड येते. म्हणूनच गंज काढण्याच्या रीती तपासताना मी प्रत्येक रीतीला एकच प्रश्न विचारत गेलो: गंज कुठे संपतो आणि लोखंड कुठे सुरू होतं, हे हिला कळतं का?

तारेच्या चाकाला ते कळत नाही. ॲसिडला कळतं, पण अर्धवट. व्हिनेगरमधलं चार-पाच टक्के ॲसेटिक ॲसिड, लिंबातलं सिट्रिक, चिंचेतलं टार्टारिक, ही सगळी आधी गंज खातात. तो संपत आला की लोखंडाकडे वळतात. पाण्यात बुडबुडे सुटू लागतात, तो हायड्रोजन. पृष्ठभाग निस्तेज करडा होतो आणि बाहेर काढताच पाहता पाहता पुन्हा नारिंगी छटा धरतो. पाणी दिलेल्या कडक पोलादात हा हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होतं. स्प्रिंग किंवा करवतीचं पातं ॲसिडमध्ये विसरून गेलं, तर पुढे कधी तरी ते हातात मोडू शकतं. यापेक्षा सौम्य रीत मळीची. जुन्या मोटारी दुरुस्त करणारी परदेशातली मंडळी एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात सुटे भाग आठवडे-आठवडे बुडवून ठेवतात. मळीतले घटक गंजातलं लोह धरून पाण्यात ओढून घेतात आणि खालच्या धातूला फारसं छेडत नाहीत. वास उग्र येतो, वेळ फार लागतो, पण काम चांगलं होतं. उसाच्या मुलखात ही रीत रुजायला हरकत नव्हती.

माझं मन मात्र अडकलं ते एका वेगळ्याच रीतीत. ती मोटारींच्या गॅरेजमधून नव्हे, संग्रहालयांतून आलेली आहे.

नॉर्वेत, तेव्हाच्या क्रिस्तियानियात म्हणजे आजच्या ऑस्लोत, आक्सेल क्रेफ्टिंग नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमिनीतून निघालेल्या लोखंडी वस्तूंवर एक प्रयोग केला. गंजाच्या थरातून कानसीने दोन-चार जागी खोल जाऊन त्याने चकाकता धातू उघडा केला. वस्तूला जस्ताच्या पट्ट्या अशा गुंडाळल्या की त्या उघड्या जागांना टेकतील. मग सगळं कॉस्टिक सोड्याच्या सुमारे पाच टक्के द्रावणात बुडवलं. जस्त झिजतं, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन लोखंडाकडे जातात, लोखंडावर हायड्रोजन निघतो आणि गंजाचे पापुद्रे आतून सुटे होतात. हा जस्ताचा आणि लोखंडाचा एक विद्युतघटच झाला. मुख्य म्हणजे या रीतीत लोखंड झिजतच नाही. झिजायचं काम जस्त करतं.

ही रीत जगभर पोचवली ती बर्लिनच्या फ्रीडरिश राथगेनने. १८६२ साली जन्मलेला हा रसायनशास्त्रज्ञ १ एप्रिल १८८८ रोजी बर्लिनच्या राजसंग्रहालयांच्या रासायनिक प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. संग्रहालयाची स्वतःची प्रयोगशाळा असावी, तिथे रसायनशास्त्रज्ञ पूर्णवेळ बसावा, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. इजिप्तहून आणलेल्या वस्तू बर्लिनच्या हवेत डोळ्यांदेखत ढासळत होत्या, ही त्यामागची निकड. राथगेन १९२७पर्यंत त्या पदावर राहिला. १८९८ साली त्याने प्राचीन वस्तूंच्या जतनावर जर्मन भाषेत हस्तपुस्तक लिहिलं. त्याचा इंग्रजी अनुवाद १९०५ साली केंब्रिजहून निघाला. अनुवादक होते यॉर्कमधले डॉक्टर जॉर्ज ऑडन आणि हॅरल्ड ऑडन. दोनच वर्षांनी या जॉर्ज ऑडनना मुलगा झाला, तो पुढे कवी डब्ल्यू. एच. ऑडन म्हणून गाजला.

राथगेनचं पुस्तक मला आवडतं ते त्याच्या पद्धतीमुळे. लोखंड वाचवायच्या रीती तो ज्याच्या त्याच्या नावानिशी शेजारी शेजारी मांडतो. क्राउझे पाण्यात भिजवून क्षार काढायला सांगतो, ब्लेल वस्तू निखाऱ्यात लाल करायला सांगतो, क्रेफ्टिंग जस्त गुंडाळतो. कोणती वस्तू कोणत्या अवस्थेत असेल तर कोणती रीत चालेल, याची छाननी तिथे आहे. क्रेफ्टिंगची रीत आत भक्कम धातू शिल्लक असेल तरच वापरायची, हा त्यातला कळीचा मुद्दा.

आज घरगुती कारागीर बादलीत जे करतात, ते याच विचाराचं पुढचं पाऊल आहे. जस्ताऐवजी बॅटरी चार्जरची वीज आणि कॉस्टिकऐवजी धुण्याचा सोडा, लिटरभर पाण्याला चमचाभर. हत्यार ऋण टोकाला, भंगारातली लोखंडी पट्टी धन टोकाला. ही जोडणी उलटी झाली तर हत्यारच विरघळू लागतं, म्हणून वीज सुरू करण्याआधी तारा पुन्हा तपासाव्यात. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ घालू नये, क्लोरीन निघतो. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून काम उघड्यावर करावं. करवतीसारख्या कडक पोलादाला इथेही हायड्रोजनचा थोडा धोका असतो. विजेचा प्रवाह कमी ठेवावा आणि पातं गरजेपेक्षा जास्त वेळ बुडवू नये. पट्टीकडे तोंड असलेली बाजू आधी साफ होते, म्हणून वस्तू फिरवत राहावी लागते. काही तासांनी काळा लगदा फडक्याने पुसला जातो आणि खाली शिक्का, अक्षरं, कानसीच्या मूळ रेषा जशाच्या तशा दिसतात. गंजाने पाडलेले खड्डे राहतात, पण नवं लोखंड खर्ची पडलेलं नसतं. चालत्या हत्यारासाठी मला यापेक्षा चांगली रीत दिसत नाही.

पण संग्रहालयांनी हीच रीत पुढे बरीचशी मागे टाकली, आणि त्यामागचा वाद मला फार मोलाचा वाटतो.

वाद लोखंड वाचवायच्या सगळ्याच रीतींवर, दोन अंगांनी झाला. पहिलं अंग तापवण्याचं. ब्लेलनंतर कोपनहेगनच्या गुस्ताव रोझेनबर्गने १९१७ साली आपली रीत प्रसिद्ध केली. तीत वस्तू सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवायची होती. क्षार जातात, वस्तू टिकते. पण त्या आचेत पात्याचं पाणी उतरतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोहाराने धार कशी कडक केली होती, याचा धातूच्या कणरचनेत राहिलेला पुरावा कायमचा पुसला जातो. धातुशास्त्रज्ञांचा हा आक्षेप मला पूर्ण पटतो.

दुसरं अंग अधिक खोल आहे. जमिनीत शतकानुशतकं राहिलेल्या लोखंडाचा मूळ पृष्ठभाग धातूवर नसतोच. तो गंजाच्या थरांमध्ये कुठे तरी असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो आणि फुगताना आजूबाजूचं सगळं कवेत घेतो. लाकडी मुठीचे तंतू किंवा कापडाची वीण त्यात खनिज होऊन राहते. असा गंज काढला तर हाती धातूचा बेढब गाभा येतो आणि वस्तू हरवते.

आपल्याकडे हे विदर्भाच्या संदर्भात समजून घ्यावं. नागपूर परिसरात टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इथे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून महापाषाणकालीन शिळावर्तुळं उत्खनन करून अभ्यासली. त्यांत पटाश्या, वाकस, खंजीर, घोड्याच्या लगामाच्या कड्या आणि लोखंडी पट्ट्यांनी दांड्याला जखडलेल्या कुऱ्हाडी मिळाल्या. नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. हा काळ इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकाचा. दांडा कुजून गेलेल्या अशा कुऱ्हाडीवर बाजारातली कुठलीच रीत चालवता येत नाही. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्याने थर उलगडत जायचं आणि मूळ कडा दिसली की थांबायचं.

आणि मधल्या वस्तूंचं काय? ज्यात लोखंडही बरंच आहे आणि जुना घट्ट गंजही जपावासा वाटतो, उदाहरणार्थ आजोळच्या पडवीतला नांगराचा फाळ? इथे टॅनिनची रीत येते. ती गंज काढत नाही, बदलते. टॅनिन गंजाशी संयोग पावून निळसर काळं लोह टॅनेट तयार करतं आणि ते लाल गंजापेक्षा स्थिर असतं. चेक संशोधक पेलिकान यांनी १९६०च्या दशकात ही रीत शास्त्रीय पायावर मांडली. आज अनेक संग्रहालयं ती वापरतात.

टॅनिनचा मोठा साठा सह्याद्रीत आहे. हिरड्याच्या वाळक्या फळात वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा टॅनिन असतं. कातडी कमावण्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून हिरडा जहाजं भरभरून विलायतेला गेला आणि तिथल्या व्यापारात त्याच्या प्रती मुलखाच्या नावाने ठरल्या. जे म्हणजे जबलपूर, बी म्हणजे भीमलीपट्टण, आणि व्ही म्हणजे आपलं वेंगुर्लं. इकडे रंगारी हिरडा आणि लोखंड यांपासून कापडाला काळा रंग देत आले आहेत, रसायन तेच.

संग्रहालयं शुद्ध केलेलं टॅनिक ॲसिड वापरतात, पण कुटलेल्या हिरड्याचा दाट काढाही लोखंड काळं करतो. आधी सुटा गंज ब्रशने झाडावा. समुद्राकाठची वस्तू असेल तर पाणी बदलत बदलत ती भिजवून मीठ काढावं, नाहीतर काळ्या थराखाली गंज चालूच राहतो. काढा ब्रशने चोळून लावावा, सुकू द्यावा, पुन्हा लावावा. रंग एकसारखा झाला की वरून मेण. धारेच्या पात्याला हा लेप नको, तिथे तेलच. कोकणात पावसाळ्याच्या तोंडाशी मेण दरवर्षी नव्याने चढवावं लागतं.