घाटमाथ्यावरचा म्हातारा संगणक

एखादी वस्तू जागच्या जागी ठेवली, कोणी तिला हात लावला नाही, तर ती बिघडेल का? लोखंड गंजेल, रबर कडक होईल. पण संगणकातल्या आज्ञावलीला गंज चढत नाही की वाळवी लागत नाही. पाच वर्षांपूर्वीची आज्ञावली आजही अक्षरन्‌अक्षर तीच असते. मग ती 'जुनी झाली' असे आपण का म्हणतो?

आमचाच एक अनुभव सांगतो. २०१६ साली आम्ही घाटमाथ्यावर एक पर्जन्यमापक बसवला. त्याच्या नोंदी ठेवण्याचे काम रास्पबेरी पाय करत असे. एटीएम कार्डाएवढ्या एकाच पट्टीवर मावणारा हा संगणक २०१२ पासून बाजारात आहे आणि त्यावर लिनक्स चालते. आमच्या यंत्रावर डेबियन लिनक्सची 'जेसी' ही २०१५ ची आवृत्ती होती. नोंदी मेमरी कार्डावर साठत आणि दर तासाला मोबाइलच्या जाळ्यातून प्रयोगशाळेत येत. तिथे पोचायला चार तासांची चढण, आणि पावसाळ्यात ती वाट बंदच.

३० सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी नोंदी येणे अचानक थांबले. आम्ही आधी सौर पट्टीवर संशय घेतला, मग मोबाइलच्या मनोऱ्यावर. दोन्ही निर्दोष होते. देखभालीसाठी ठेवलेल्या वेगळ्या मार्गाने आत शिरून पाहिले, तर यंत्र इमानेइतबारे पाऊस मोजत होते. फक्त आमच्याच संगणकावर त्याचा विश्वास उरला नव्हता!

असे का व्हावे? परराज्यातून आलेल्या विद्यार्थ्याचा दाखला तुम्ही कसा तपासता? त्यावर मुख्याध्यापकांची सही असते आणि त्या सहीखाली शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी. संगणकही समोरच्याचे प्रमाणपत्र असेच तपासतो. एका सहीवरून दुसरीकडे जात शेवटी तो आपल्या दप्तरातल्या 'मूळ' प्रमाणपत्रापाशी पोचतो. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था जगभरातल्या संकेतस्थळांना फुकट प्रमाणपत्रे देते. तिच्यामागे उभ्या असलेल्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत त्या संध्याकाळी संपली. नवे मूळ प्रमाणपत्र कधीच तयार होते. पण जुन्या आज्ञावलींची खोड अशी, की आधी जुन्या वाटेने शेवटपर्यंत जायचे आणि तिथे मुदत संपलेली दिसली की नकार द्यायचा. शेजारची नवी वाट त्या पाहतच नसत. म्हणजे यंत्रात काहीच बदलले नव्हते; बदलले होते त्याच्याभोवतीचे जग.

'मग नवी आवृत्ती घाला की,' असे कोणीही म्हणेल. अडचण इथेच आहे. जेसीची देखभाल डेबियनने जून २०२० मध्येच थांबवली होती. शिवाय डेबियनमध्ये पाचवीतून थेट आठवीत जाता येत नाही. जेसीवरून स्ट्रेच, मग बस्टर, मग बुल्सआय, अशी एकेक इयत्ता चढावी लागते. प्रत्येक वेळी शेकडो मेगाबाइट उतरवायचे, तेही क्षीण मोबाइल संदेशावरून. मध्येच वीज गेली तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी प्रणाली उरते. ती सुरूच होत नाही आणि मग आत शिरायचा मार्गही बंद. टेबलावरच्या संगणकाचे कार्ड काढून पुन्हा लिहिता येते. डोंगरावरच्याचे कोण काढणार?

आम्ही कमीत कमी ढवळाढवळ करायचे ठरवले. तसाच एक संगणक आणि तेच जुने लिनक्स प्रयोगशाळेत मांडले. मुदत संपलेले प्रमाणपत्र काढून टाकले, नवे हाताने घातले. इथे जमल्यावर तेच वर केले. काही किलोबाइटांचा मामला! तुंबलेल्या नोंदी रात्रीत येऊन पोचल्या.

पण ही मलमपट्टी होती. देखभाल थांबलेल्या आज्ञावलीत नवे छिद्र सापडले तर ते बुजवणारा कोणी नसतो, आणि आडरानातला संगणकही जाळ्याला जोडलेला असतोच. म्हणून डिसेंबरात आम्ही नवे कार्ड घेऊन वर चढलो. त्या कार्डाचे दोन कप्पे केले आहेत. नवी आवृत्ती नेहमी रिकाम्या कप्प्यात उतरते. ती नीट सुरू झाली तरच कायम होते, नाहीतर यंत्र आपोआप जुन्या कप्प्याकडे परतते. जोडीला 'वॉचडॉग' आहे. रास्पबेरी पायच्या चिपमध्येच असलेल्या या राखणदाराला मुख्य आज्ञावलीने दर काही सेकंदांनी 'मी जागी आहे' असे सांगायचे असते. जास्तीत जास्त पंधरा सेकंद वाट पाहून तो यंत्र पुन्हा सुरू करतो. २०१६ साली ही दोन्ही कामे आम्ही केली नाहीत, कारण यंत्र दोन वर्षे टिकले तरी पुष्कळ, असा आमचा अंदाज होता. उपकरण अंदाजापेक्षा जास्त जगले, हीच आमची पंचाईत झाली.

विद्यार्थ्यांसाठी एक हिशेब. लिनक्स वेळ मोजते ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत (जागतिक प्रमाणवेळेनुसार). ३२ बिटांच्या जुन्या पद्धतीत ही संख्या २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही. तो सेकंद कोणत्या दिवशी येईल? उत्तर: १९ जानेवारी २०३८, भारतात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. आमच्या नव्या कार्डावरची प्रणालीही त्याच पद्धतीने वेळ मोजते. यंत्राच्या नोंदवहीत पहिल्याच पानावर आम्ही ती तारीख लिहून ठेवली आहे.