राऊटरमध्ये मॉड्यूल बसविताना घ्यावयाची दक्षता

रहाटणी, काळेवाडी, थेरगाव या पिंपरी-चिंचवडच्या परिसरात आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांप्रमाणेच शाळांतूनही आता राऊटर नावाचे यंत्र आढळते. आलेली माहिती कोणत्या वाटेने पुढे धाडावयाची हे ठरविणे, हे त्याचे कार्य होय. ते बंद पडले म्हणजे यू-डायस प्लसची माहिती भरणे थांबते आणि ‘दीक्षा’वरील पाठही अडतो. मोठ्या राऊटरमध्ये जादा जोडण्यांसाठी सुटी मॉड्यूले बसविण्याची सोय असते. हे काम थोड्या वेळाचे आहे. परंतु त्यात यंत्राची हानी व माणसास इजा, असे दोन्ही धोके संभवतात. यास्तव त्यामागील कारणे शिक्षकांनी समजून घेणे अवश्य आहे.

पहिला धोका स्थितिक विद्युतेचा. कोरड्या केसांवर फिरविलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हा प्रयोग वर्गात नेहमीच केला जातो. तीच विद्युत हिवाळ्याच्या कोरड्या हवेत नायलॉनच्या वा लोकरीच्या वस्त्रांच्या घर्षणाने माणसाच्या शरीरावर साचते. सुमारे ३,००० व्होल्टपर्यंत तिचा झटका माणसास जाणवतही नाही; मॉड्यूलमधील काही सूक्ष्म भाग मात्र १०० व्होल्टहून कमी दाबानेही बिघडू शकतात. कित्येकदा भाग तत्काळ बंद न पडता काही आठवड्यांनी पडतो व बिघाडाचे मूळ उमगत नाही.

यावर उपाय असा की, शरीर व यंत्र एकाच विद्युत्-पातळीवर आणावे. त्यासाठी मनगटी पट्टा मिळतो. त्याचा चिमटा राऊटरच्या रंग नसलेल्या धातूच्या भागास लावावा. या पट्ट्यात दहा लक्ष ओहमचा रोध असतो. त्यामुळे चुकून २३० व्होल्टच्या तारेस स्पर्श झाला, तरी पट्ट्यातून वाहणारा प्रवाह एक मिलिअँपिअरच्या चतुर्थांशाहूनही कमी राहतो. साधी तार मनगटास बांधणे मात्र प्राणघातक ठरेल. मॉड्यूल पिशवीतून शेवटच्या क्षणी काढावे, कडांना धरावे व त्याच्या सोनेरी टोकांस बोट लावू नये.

दुसरा धोका विजेचा. राऊटर चालू असताना मॉड्यूल बदलता येते किंवा नाही, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहावे. तसा स्पष्ट उल्लेख नसल्यास बटण बंद करून प्लग काढावा. काही यंत्रांना दोन वीजपुरवठे असतात. अशा वेळी दोन्ही काढावेत. अर्थिंगची स्वतंत्र तार असल्यास ती मात्र तशीच ठेवावी. तीन खिळ्यांच्या प्लगमधील जाड व लांब खिळा अर्थिंगचाच असतो. तो कापून किंवा मोडून प्लग वापरू नये.

तिसरा धोका डोळ्यांस आहे. प्रकाशतंतूच्या जोडणीत बहुधा १,३१० किंवा १,४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर प्रकाश वापरतात. डोळ्यांस सुमारे ७०० नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश दिसतो. न दिसणाऱ्या किरणांपुढे पापणी आपोआप मिटत नाही. म्हणून तंतूच्या किंवा मॉड्यूलच्या तोंडाशी डोळा नेऊन ‘प्रकाश येतो का’ असे कदापि पाहू नये, आणि मोकळ्या तोंडांवर टोपण लावावे.

बसविताना मॉड्यूल खाचेच्या मार्गिकांत सरळ ठेवून सारख्या दाबाने आत सरकवावे. अडल्यास जोर न लावता बाहेर काढून पाहावे. वाकलेला खिळा सरळ करणे बहुधा साधत नाही. नंतर दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने आवळावेत. रिकाम्या खाचेवरील पत्रा पुन्हा बसवावा. तो नसल्यास पंख्याची हवा भलत्याच वाटेने निघून जाते व आतील भाग तापतात.

राऊटर सेवा पुरविणाऱ्या कंपनीचा असेल किंवा हमीच्या मुदतीत असेल, तर ते उघडण्याचे काम तिच्या कारागिरांकडेच सोपवावे. मात्र त्या वेळी वरच्या वर्गातील मुलांना सुरक्षित अंतरावर बसवून प्रत्येक कृतीचे कारण सांगावे. या पट्ट्यातील कित्येक मुले पुढे यंत्रांवरच काम करणार आहेत. हात लावण्यापूर्वी विचार करण्याची सवय त्यांना शाळेतच लागली, तर ती जन्मभर त्यांचे रक्षण करील.