लष्करी शिस्त : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेळगावच्या कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं. १७६८ पासूनचा वारसा सांगणाऱ्या मराठा पलटणीत खानापूर, चंदगड, निपाणी भागातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आली. राज्याच्या सीमेपलीकडे शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीची ओळखच फौजींचं गाव अशी आहे. त्यामुळे फौजी शिस्तीचं कौतुक इथं घरचंच. ‘जवानासारखी शिस्त लाव, कामं आपोआप होतील’ हा सल्ला अभ्यासिकेतल्या पोराला मिळतो आणि दुकानदारालाही. सल्ला वाईट नाही. जवानाला शिस्त कशी लागते याविषयीच्या समजुती मात्र तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज १ : जवानाची इच्छाशक्तीच वेगळी असते.

वस्तुस्थिती : घरी आईनं तीनदा हाक मारल्याशिवाय न उठणारा मुलगाही केंद्रात वेळेवर फॉलिन होतो, म्हणजे रांगेत उभा राहतो. आठवड्याभरात त्याचं मन पोलादी झालेलं नसतं, भोवतालची व्यवस्था बदललेली असते. कधी उठायचं, काय घालायचं, कुठं उभं राहायचं, यातलं काहीच त्याला ठरवायचं नसतं. ठरवायचं उरलं नाही की टाळायला जागाही उरत नाही. घरी हे जमवायचं तर उद्याचं पहिलं काम आज रात्रीच ठरवावं, लागणारं सामान टेबलावर काढून ठेवावं आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत.

गैरसमज २ : पहाटे चारला उठतो तोच शिस्तीचा.

वस्तुस्थिती : बराकीत सकाळची पीटी जितकी पक्की, तितकाच रात्रीचा लाईट आऊट. रील पाहणारे पीटीची नक्कल करतात, लाईट आऊट सोडून देतात. अमेरिकी लष्कराच्या २०२० च्या तंदुरुस्ती नियमावलीनं झोपेला व्यायाम आणि आहाराच्या पंगतीत बसवलं आहे. विल्यमसन आणि फेयर या संशोधकांनी २००० साली दाखवलं, की सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून वाईट होते. रात्री अकराला शटर ओढणाऱ्यानं सकाळी साडेसहाला उठणं यात आळस कसला?

गैरसमज ३ : एकवीस दिवस रेटलं की सवय लागते.

वस्तुस्थिती : हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या रूपाची सवय व्हायला निदान तेवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा मागोवा घेतला, तेव्हा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि व्याप्ती १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. रंगरूटाचं प्रशिक्षणसुद्धा तीन आठवड्यांत उरकत नाही, महिनोन्‌महिने चालतं.

गैरसमज ४ : चुकलो की स्वतःला झोडपायचं.

वस्तुस्थिती : बाहेरच्याला रगडा, म्हणजे शिक्षेची अंगमेहनत, दिसतो. त्यानंतर उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, तीच हालचाल पुन्हा करून घेतो, कोपर कुठं चुकलं ते दाखवतो, हे दिसत नाही. रंगरूट सुधारतो तो या दुरुस्तीनं. घरी आपण स्वतःला रगडा तेवढा देतो. कॅनडात ११९ विद्यार्थ्यांवर झालेल्या २०१० च्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या टाळाटाळीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली. नेमकं काय चुकलं ते एका ओळीत लिहा आणि पुन्हा सुरू करा.

गैरसमज ५ : शिस्त ही एकट्यानं लावून घ्यायची गोष्ट.

वस्तुस्थिती : फौजेत एकटं कुणी नसतं. प्रत्येकाला बडी म्हणजे जोडीदार असतो, गैरहजेरी रोल कॉलला लगेच कळते. भरतीची तयारी करणारी गावातली पोरं घोळक्यानं धावतात ती याच कारणानं. घरात एकट्यानं ठरवलेलं मोडलं तर विचारणारं कोण? रोज रात्री ‘झालं का?’ एवढं विचारणारा एक माणूस गाठावा.

गैरसमज ६ : मागे पडला तो बेशिस्त म्हणूनच.

वस्तुस्थिती : जवान वेळेवर परेडला उभा राहतो, कारण मागे लंगर, म्हणजे फौजेचा भटारखाना, चालू असतो. जेवण, कपडे, औषध यांची सोय दुसरं कुणी पाहतं. निपाणीत घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईमागे लंगर नाही. पानं कापणं, वळणं, बांधणं, यातूनच स्वयंपाक आणि मुलांची शाळा. मजुरी हजार विड्यांमागे, म्हणजे हात थांबला की पैसाही थांबला. तिला शिस्तीचे धडे कोण देणार? तंबाखू पिकवणाऱ्याचंही तेच. १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीत रस्ता अडवला, तोही कष्टात कसूर होती म्हणून नव्हे, तर भाव मिळत नव्हता म्हणून.

म्हणून घरातल्या कुणाला फौजी शिस्त लावायची असेल, तर आधी त्याच्या वाट्याचं एखादं काम आपल्याकडे घ्यावं. वेळापत्रक त्यानंतर भिंतीवर लावावं.